कापलेली कड

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या चपलांच्या रस्त्याला, दुकानांची ओळ विरळ होते तिथे, पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारा कारागीर बसतो. मे महिन्यातल्या भर दुपारी त्याच्यापुढे एक मुलगी टॅबचं कव्हर घेऊन उभी होती. पाठीवर क्लासची बॅग, तोंडाला स्कार्फ. कव्हर तपकिरी, दिसायला देखणं, कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत ‘हॅण्डमेड लेदर’ असा शिक्का. घडीवर चीर गेलेली आणि एका बाजूची शिवण सुटलेली. “मामा, एवढी कड शिवून द्या ना.” मामांनी आरी टोचली, दोरा ओढला, तर भोकच फाटत गेलं. जरा आत टोचलं, पुन्हा तेच. मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं वरचा पापुद्रा उचलला. खाली विणलेलं कापड, त्याखाली फोम, त्याखाली पुठ्ठा. “दोराच धरंना, माय. धरायला आत कातडं पायजे की.” मुलगी म्हणाली, “पण लेदर लिहिलंय ना त्याच्यावर?” मामा यावर काही बोलले नाहीत. शेजारच्या ढिगातून वहाणेच्या तळाचा उरलेला तुकडा उचलला, रापीनं कापला आणि ताजी कड तिच्यापुढे धरली. वरपासून खालपर्यंत एकच रंग, गच्च विणल्यासारखे तंतू.

कव्हर घेताना कड कुणी बघतच नाही.

आपण हात फिरवतो, नाकाशी नेतो, रंग पसंत करतो. पण कातड्याचा दाणा, म्हणजे त्याच्या वरच्या अंगावरची बारीक नैसर्गिक नक्षी, छापता येतो आणि वासही वरून देता येतो. कड फसवायला अवघड, म्हणूनच बनावट मालाची कड दुमडून चिकटवलेली असते किंवा तिच्यावर जाड रंगाचा थर असतो. हातानं कव्हर करून देणाऱ्याकडे कापलेले तुकडे पडलेलेच असतात. ज्या कातड्यातून आपलं कव्हर निघणार, त्याचाच तुकडा मागून घ्यावा आणि उजेडात आडवा धरावा. रेक्झिन असेल तर खाली कापडाची वीण दिसते. चुऱ्याचं लेदर, म्हणजे कातड्याचा भुगा चिकटद्रव्यात कालवून लाटलेला पत्रा, त्याची कड पुठ्ठ्यासारखी भुसभुशीत असते आणि चार वेळा दुमडली की तुटते. जाड कातडं आडवं चिरून काढलेल्या खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप चढवतात. तिथे तंतू खरे असतात, पण अगदी वर एक वेगळी, चकचकीत, केसाएवढी रेघ दिसते. तो मालही ‘जेन्युइन लेदर’ म्हणून विकला जातो आणि त्यात शब्दशः खोटं काही नसतं. वरचा मूळ दाणा राखलेल्या कातड्यात मात्र तंतू खाली सैल आणि वर येता येता दाट होत जातात. अंगठ्यानं दाबलं की भोवती बारीक सुरकुत्या पसरतात, सोडलं की विरतात. त्यावर कुठे गोचिडाचा ठिपका, कुठे बाभळीच्या काट्याचा जुना ओरखडा असतो. असा ओरखडा दाखवून दुकानदार भाव उतरवू लागला तर तो तुकडा खुशाल घ्यावा. वरचा दाणा घासून काढलेला नाही, याची ती खूण आहे. फक्त तो ओरखडा घडीवर येऊ देऊ नये, तिथून चीर सुरू होऊ शकते.

कडेचा रंग आणखी एक गोष्ट सांगतो. मधोमध निळसर-करडी छटा असेल तर कातडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं. आरपार तपकिरी असेल तर बहुधा झाडाच्या सालीवर. खात्री करायची तर तुकड्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. सालीवरचं कातडं पाणी पिऊन लगेच गडद होतं, क्रोमवर थेंब बराच वेळ टिकून राहतो.

सालीची ही विद्या मराठवाड्याला नवी नाही. माळावर पिवळ्या फुलांनी भरणारा तरवड, बांधावरची बाभूळ, वाण्याकडचा हिरडा, या तिघांनी इथली कातडी पिढ्यान् पिढ्या कमावली. विहिरीवर मोट चालायची तेव्हा कातडं दिवसभर पाण्यात भिजायचं, उन्हात तापायचं, पुन्हा भिजायचं, आणि तरी टिकायचं, कारण त्याला वेळेवर तेल मिळायचं. कोरड्या विहिरीच्या काठी पडून राहिलेली मोट मात्र तडकायची. पखाल, तेलाचा बुधला, बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा, नांगराला लागणाऱ्या वाद्या, घरात आणि शेतात जिकडेतिकडे कातडं होतं, आणि कुठल्या कामाला कसलं लागतं हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. हलगी घ्या. तिचं कातडं कमावलेलं नसतं, नुसतं स्वच्छ करून ताणलेलं असतं. म्हणून पावसाळी हवेत ती मऊ पडते आणि जाळावर शेकली की पुन्हा खणखणते. कमावणं म्हणजे कातड्याचा हा हवेनुसार ताणण्या-सुटण्याचा आणि कुजण्याचा स्वभाव मोडणं. सालीवर त्याला आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमची रीत आली आणि तेच काम दिवसा-दोन दिवसांत होऊ लागलं. आज कमावणीचे मोठे कारखाने तमिळनाडूत, कानपूरला, कोलकात्याला आहेत. तिथून तयार कातडं चौरस फुटावर विकत येतं, आणि बाभळीच्या सालीचा तो तुरट, ओलसर वास आपल्याकडच्या गावांच्या वस्त्यांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो वास कुणाला प्रिय नव्हता, आणि हे काम करणारी माणसं जातीपायी गावाबाहेर ठेवली गेली. त्यांच्या हातातलं ज्ञान मात्र आपल्याला आज दुकानात उभं असताना हवं असतं.

टॅबसाठी यातलं कोणतं घ्यावं? कव्हर नुसतं पिशवीसारखं असेल, टॅब आत सरकवायचा आणि काढायचा, तर सालीवरचं घ्यावं. ते आकार धरतं, ओलसर करून टॅबच्या मापाच्या ठोकळ्यावर बसवता येतं, कड घासून चकचकीत करता येते. कव्हर वहीसारखं उघडझाप करणारं असेल तर घडीला रोज वीस-पंचवीस वेळा वाकावं लागतं. तिथे क्रोमचं मऊ कातडं किंवा शेळीचं बरं. शेळीचा दाणा घट्ट असतो, म्हणून एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीतही ते फाटत नाही. धाराशिव, लातूर, उदगीर पट्ट्यातली काळी उस्मानाबादी शेळी आपण मटणासाठी ओळखतो, पण शेळीच्या कातड्याची ही खुबीही लक्षात असावी. म्हशीचं जाड आणि राकट असतं. ते पट्ट्याला, तळाला उत्तम, टॅबला वापरायचं तर पातळ करून घ्यावं लागतं. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे ‘गाईचं लेदर’ म्हणून कुणी काही दाखवलं तर ते कुठून आलं हे विचारायला संकोच करू नये.

जाडीबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. जाड तेवढं भारी, असं वाटतं. हिशेब करून बघा. अकरा इंची टॅबला साधारण २० बाय २७ सेंटिमीटरचे दोन पत्रे लागतात. २ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. दोन पत्रे, अस्तर, झाकण, बटण धरलं की अडीचशे-तीनशे ग्रॅम. टॅब स्वतः पाचशेच्या आतबाहेर. म्हणजे पलंगावर पडून वाचताना हातात पाऊण किलो. बाहेरचा पत्रा दीड ते पावणेदोन मिलिमीटर आणि अस्तर ०.८ पुरे होतं. घडीपाशी कारागिरानं रापीनं आतून तासून ते एक मिलिमीटरवर आणलं पाहिजे. हे तासणं राहून गेलं तर घडी जाड राहते, कव्हर बंद होताना उसळतं आणि पहिली चीर तिथेच जाते. मुलीच्या कव्हरची चीर तिथलीच होती. त्यात कातडंच नसल्यानं तासायलाही काही नव्हतं.

पत्रा जनावराच्या कोणत्या भागातला, हेही विचारावं. पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं सैल आणि ताणणारं. पोटाच्या पत्र्याचं कव्हर महिन्याभरात पोतडीसारखं लोंबतं. तुकडा दोन्ही दिशांनी ताणून पाहिला की कळतं.

आता माप. ‘दहा इंची टॅबचं कव्हर द्या’ हे वाक्य सगळ्या घोटाळ्यांचं मूळ आहे. इंच पडद्याच्या तिरक्या रेषेचे असतात, अंगाचे नव्हेत. दहाव्या पिढीचा आयपॅड २४८.६ बाय १७९.५ मिलिमीटर आणि ७ मिलिमीटर जाड आहे. नवव्या पिढीचा २५०.६ बाय १७४.१, जाडी ७.५. सॅमसंगचा टॅब ए८ हा २४६.८ बाय १६१.९, जाडी ६.९. लांबी सगळ्यांची जवळपास सारखी, रुंदीत मात्र दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा फरक. एकाच्या पिशवीत दुसरा खुळखुळतो. पत्र्याची रुंदी काढायची ती अशी: टॅबची रुंदी, अधिक टॅबची जाडी, अधिक दोन्ही बाजूंना शिवणीसाठी चार-चार मिलिमीटर, अधिक कातड्याच्या जाडीपोटी दोनेक मिलिमीटर. दहाव्या पिढीच्या आयपॅडला १७९.५ आणि ७ आणि ८ आणि २, म्हणजे १९७ च्या आसपास. अस्तर असेल तर त्याची जाडी वेगळी धरायची. पहिल्या दिवशी टॅब आत जाताना थोडा अडला पाहिजे, आठवड्याभरात कातडं जागा करून देतं. सोयीसाठी म्हणून सेंटिमीटरभर सैल ठेवलेलं कव्हर पुढे ताणलं की टॅब खाली घसरतो. उलटी चूकही तितकीच होते. माप उघड्या टॅबचं देतात आणि नंतर मागे रबरी कव्हर चढवतात. त्याचे तीन-चार मिलिमीटर कुठून येणार?

शिवणीत सगळा जीव असतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, एक टाका तुटला की शेजारचे उसवत जातात. दोन सुया आणि एक दोरा घेऊन, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई काढत घातलेल्या टाक्यात एक तुटला तरी बाकीचे जागच्या जागी राहतात. तळ्यात-मळ्यात असलेला तिसरा प्रकार मामांच्या आरीचा: आकड्यानं दोऱ्याचा फास वर ओढायचा, दुसरं टोक त्यातून घालायचं आणि ताणून आवळायचं, म्हणजे गाठ कातड्याच्या जाडीत रुतते. नीट आवळलेला असेल तर हाही टाका वर्षानुवर्षं टिकतो. दोरा पॉलिस्टरचा, ०.६ ते ०.८ मिलिमीटर आणि मधमाश्यांच्या मेणानं घोळलेला असावा. मेणबत्तीचं मेण कोरडं होऊन भुगा होतं. सुती दोरा हाताच्या घामानं कुजतो. टाके इंचाला सहा-सात, म्हणजे चारेक मिलिमीटरवर एक. त्याहून दाट घातले तर भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटासारखी होते आणि कातडं तिथूनच फाटतं. तीन बाजूंची शिवण साधारण सत्तर सेंटिमीटर धरली, तर पावणेदोनशेच्या घरात टाके होतात आणि दोरा शिवणीच्या चौपट, म्हणजे पावणेतीन-तीन मीटर लागतो. प्रत्येक टाक्याला अर्धा मिनिट धरा. कापणं, तासणं, कड घासणं सोडून नुसत्या शिवणीलाच दीड तास. हातशिलाईचं कव्हर दोनशे रुपयांत कुणी देत असेल तर हे दीड तास कुठे गेले, याचा विचार करावा.

अस्तराच्या बाबतीत मखमली दिसण्याला भुलू नये. आपल्याकडची धूळ घरात, बॅगेत, डोळ्यांत सगळीकडे असते, आणि तिच्यातले वाळूचे बारीक कण काचेपेक्षा कठीण असतात. लव असलेलं अस्तर हे कण धरून ठेवतं आणि टॅब रोज त्यावर घासला जातो. गुळगुळीत शेळी-मेंढीचं अस्तर ओल्या फडक्यानं पुसता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या काही हौशी लोकांना अस्तराला हिमरू लावायची कल्पना सुचते, आणि ती सुंदर आहेच. पण हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे सुटलेले असतात. त्या बाजूनं पूर्ण चिकटवून, कडा आत दुमडून शिवलं तरच लावावं, नाहीतर टॅबचा कोपरा अडकून पहिल्याच आठवड्यात धागा ओढला जाईल. आत कुठेही रिबिटाची बोडखी टोपी किंवा चेनचा रनर काचेला लागता कामा नये.

चुंबकाचं बटण हा आजकालचा आवडता दागिना. बऱ्याच टॅबमध्ये झाकण मिटलं की पडदा विझावा म्हणून चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. बटणाचं चुंबक त्याच्या जवळ आलं तर बॅगेत हेलकावे बसताना पडदा विझतो, पेटतो, विझतो. संध्याकाळी बॅटरी रिकामी आणि टॅब गरम. दुकानातच टॅब घालून, बंद करून, हलवून बघावं. जुन्या पद्धतीची काळी पट्टी असलेलं बँकेचं कार्ड त्या चुंबकाजवळच्या कप्प्यात ठेवू नये. साधी कातड्याची जीभ, खाचेत खोचायची, या सगळ्यापेक्षा बरी.

आणि ऊन. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा आणि ४५ अंशांपलीकडे ठेवू नये, असं कंपनी सांगते. परभणी-नांदेडला मे महिन्यात सावलीतच बेचाळीस-त्रेचाळीस होतं. गाडीच्या टाकीवर, डॅशबोर्डवर काळ्या कव्हरात ठेवलेल्या टॅबचं काय होत असेल? कातडं उष्णता आत धरून ठेवतं, म्हणून चार्जिंगला लावताना टॅब बाहेर काढावा. याच उन्हात चिकटवण्याचं सोल्युशन मऊ पडतं, टॅब धरणारे इलॅस्टिकचे पट्टे ढिले होतात. नुसतं चिकटवलेलं कव्हर मराठवाड्याचा एक उन्हाळा काढेल, शिवलेलं अनेक काढेल. पाडव्याच्या सुमारास मऊ सुती फडक्यावर चार थेंब एरंडेल घेऊन सालीवरच्या कातड्याला हलकं पुसावं. जास्त तेल घातलं तर ते काळवंडतं आणि सैल पडतं.

पावसाळ्यात पांढरी बुरशी दिसली की लोक घाबरतात. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा एक मिनिट सोडून बघावी. पांढरं विरघळून गेलं तर ती बुरशी नाही, कातड्यातली चरबी-मेण वर आलं आहे, फडक्यानं पुसलं की झालं. राहिलं तर बुरशी. मग कोरड्या फडक्यानं पुसून, सावलीत वारा देऊन ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की ती पुन्हा येणारच. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई उतरते. भिजलेल्या सालीच्या कातड्यावर लोखंडी रिबिटाभोवती काळं वर्तुळ उमटतं, ते मात्र जात नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून पूर्वी शाई करत, हे तेच. म्हणून बटण-रिबीट पितळी मागावं. पितळावर हिरवा मळ धरतो, पण तो पुसता येतो.

एवढं सगळं जमून आलं तरी एक गोष्ट कातड्याच्या हातात नाही. शहाबादी फरशीवर टॅब कोपऱ्यावर आपटला तर पावणेदोन मिलिमीटरचं कातडं त्याची काच वाचवेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. कातडं ओरखड्यांपासून, धुळीपासून, बॅगेतल्या कंपासपेटीपासून राखतं. धक्का खायला मागे पातळ रबरी कव्हर हवं, आणि माप त्यासकट.

मामांनी मुलीला हाच प्रश्न विचारला होता. “उघडाच घालणार का रबर चढवून?” ती म्हणाली, रबर चढवून. मग तिनं टॅब बाहेर काढला. मामांनी हात पुसले आणि पोत्यावर फडकं अंथरून तो त्यावर ठेवला. कातड्याचे दोन तुकडे तिच्यापुढे टाकले, एक काळा, एक पिवळसर तपकिरी. तिनं दोन्ही उचलून आधी आडवे धरले. तपकिरीवर मधोमध एक लांब ओरखडा होता. “ह्यो आत घेतो,” मामा म्हणाले. तिनं तोच दिला. मग त्यांनी तिचं फाटकं कव्हर ओढलं, रापीच्या टोकानं त्याचा फुगलेला फोम सोलून काढला आणि आतला पुठ्ठा मोकळा केला. टॅब त्याच्यावर ठेवून बघितला. पुठ्ठा एका बाजूला दोन बोटं जास्त होता, सगळ्या दहा इंचींना चालावा म्हणून कापलेला. कानामागचं बॉलपेन काढून त्यांनी टॅबभोवती रेघ मारली, रेघेबाहेर शिवणीचं माप सोडलं, उरलेली पट्टी कापून टाकली. तोच पुठ्ठा नव्या कव्हरचा फर्मा झाला. “सोमवारी ये. टॅब संगट आण, अंगावरच बसवून बघावं लागतंय.”